वन्सं आणि तेवीस कवळ्या

आमच्या वन्सं कोणी भेटलं की आधी त्याच्या तोंडाकडे बघतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर हसले, तर त्या म्हणाल्या, "वरचा डावा सुळा जरा पुढे आलाय. असू दे, शोभतो." मला वाटलं, झालं, नणंद खोचक मिळाली. पुढे कळलं की खोचकपणा त्यांच्या अंगात नावालाही नाही. तो त्यांचा धंदा आहे. शिंपी नाही का बोलता बोलता समोरच्याच्या खांद्याचं माप घेत, तसं.

वन्सं दातांच्या लॅबमध्ये कवळ्यांना शेवटचा हात देतात. एकतीस वर्षं झाली. डॉक्टर माणसाच्या जबड्याचा साचा घेतात आणि लॅबमध्ये पाठवतात. तिथे प्लास्टर ओततात, मेणात दात बसवतात, मग मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरून ते गरम पाण्यात शिजवतात. साच्यातून बाहेर निघते ती कवळी तुम्ही पाहिलीत तर तोंडात घालण्याचं सोडा, हातात धरणार नाही. कडा धारदार, टाळूच्या भागावर पुरळ आल्यासारखे दाणे, फटींमध्ये प्लास्टर. तिथून पुढे वन्संचं काम. खिडकीखालच्या बाकावर मोटार बसवलेली, तिच्या दोन्ही टोकांना कापडाची चाकं. एका चाकावर ओली प्युमिसची भुकटी लावून घासायचं, दुसऱ्यावर पॉलिशची वडी टेकवून झळाळी आणायची. भुकटीचे शिंतोडे कोपरापर्यंत उडतात. इतक्या वर्षांत त्या भुकटीने त्यांच्या अंगठ्याच्या रेषाही घासून नेल्या. बँकेतलं ठसा घेणारं यंत्र त्यांना ओळखत नाही. दर वेळी तिथला माणूस म्हणतो, "आजी, अंगठा नीट टेकवा," आणि वन्सं म्हणतात, "टेकवलाय बाबा, त्याच्यावर आता काही राहिलंच नाही."

त्यांच्या खणात एक फाटका नायलॉनचा मोजा असतो. कवळी तयार झाली की बोटाला तो मोजा गुंडाळायचा आणि सगळीकडून हलकेच फिरवायचा. एक धागा जरी अडकला तरी कवळी परत चाकावर. मी एकदा विचारलं, "इतकं कशाला? डोळ्यांना तर काही दिसत नाही." त्या म्हणाल्या, "डोळ्यांना घालायची आहे का ती? जीभ मोज्यापेक्षा हुशार असते. एक कण लागला तरी दिवसभर तिथेच जाऊन बसते." लॅबमध्ये त्यांना 'आरसा' म्हणतात. डॉक्टर फोनवर सांगतात, "ही केस आरशाकडेच द्या." घरी हे सांगताना वन्सं तोंड वाकडं करतात, पण सांगतात मात्र न चुकता.

अशा बाईच्या हातून तेवीस कवळ्या बिघडल्या. त्याहून वाईट म्हणजे, त्याचं खापर तेवीस म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर फुटलं. आज इतके दिवस झाले तरी ते आठवलं की माझ्या हातातलं काम थांबतं.

लॅब उभी केली थोरल्या मालकांनी. वन्संना त्यांनीच शिकवलं. ते गेल्यावर धाकटे मालक, म्हणजे त्यांचा मुलगा, आले. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं नवं हवं असतं आणि लगेच हवं असतं. कुठल्याशा प्रदर्शनाहून तो एक छोटी बाटली आणि एक उजेडाची पेटी घेऊन आला. बाटलीत पाण्यासारखा लेप. कवळीवर ब्रशने तो लावायचा, पेटीत काही मिनिटं उजेड द्यायचा, की वर काचेसारखा कडक पापुद्रा तयार. तो घासला तरी झिजत नाही, त्याच्यावर डाग बसत नाहीत, कवळी पाच वर्षं नवीच्या नवी. त्याने तसं कार्डच छापून घेतलं आणि प्रत्येक डबीत घालायला सुरुवात केली.

वन्संना त्याने एवढंच सांगितलं, "ताई, आता झळाळीची गरज नाही. प्युमिस झालं की सरळ लेप. तुमचा निम्मा वेळ वाचला!"

त्या संध्याकाळी वन्सं घरी आल्या त्या चप्पल भिरकावतच. "म्हणे गरज नाही! खाली तसंच भरड ठेवायचं आणि वरून काच चढवायची? पोपडे न काढता भिंत रंगवतात तसं? लोकांच्या तोंडात जायची वस्तू आहे ती."

माझा नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "मालक सांगतोय ना, मग कर की तसं."

"तुला काय कळतंय? तुझे अजून बत्तीसच्या बत्तीस जाग्यावर आहेत."

"एकतीस. एक तूच पाडलास, लहानपणी."

"तो किडकाच होता."

पुढे त्यांनी काय केलं ते मला तेव्हाच ठाऊक होतं. मालकाने सांगितलेलं त्यांनी ऐकलं, आणि मालकाची पाठ वळली की प्रत्येक कवळी पूर्वीसारखीच वडी लावून झळाळून काढली. लेप त्यावर. जास्तीचं काम, कोणी न सांगता, कोणाला न दाखवता. "वरचा पापुद्रा उद्या झिजला तरी खाली माझं काम असेल," असं त्या म्हणायच्या. मीही कौतुकाने मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेची मला आजही लाज वाटते.

चारेक महिन्यांनी कवळ्या परत यायला लागल्या.

उन्हाने भाजल्यावर पाठीची कातडी निघते ना, तसा लेप निघत होता. आधी कडेला एक पांढरी रेघ, मग पापुद्रा, मग त्याची धार. टाळूला टोचायची, जिभेला सोलायची. एकदा ती धार जिभेला सापडली की माणूस जेवताना, बोलताना, झोपेतही तिथेच. लोक डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी लॅबकडे पाठवलं. आणि लॅबने, म्हणजे धाकट्या मालकाने, काय करावं? एक चिठ्ठी छापून घेतली. कवळी होती तशी परत, सोबत डबीत ही चिठ्ठी. 'कवळी चुकीच्या पद्धतीने व जोरात घासल्यामुळे संरक्षक लेप खराब झाला आहे. कृपया काळजी घ्यावी.'

वन्संनी ती चिठ्ठी घरी आणून माझ्यासमोर ठेवली. कोणाला न विचारता, काही न तपासता! आणि दोष कोणाला, तर ज्यांना उलट बोलता येत नाही त्यांना. वय झालेल्या माणसाला 'तुमचंच चुकलं' म्हणणं फार सोपं असतं. ती माणसं लगेच मान्य करतात. विसरतोय, पडतोय, ऐकू कमी येतंय, त्यात हेही असेल, असं त्यांना वाटतं. एका आजींनी तर त्या चिठ्ठीच्या मागेच पेन्सिलने लिहून पाठवलं होतं, 'माझंच चुकलं असेल. क्षमा असावी. पुन्हा नीट करून मिळेल का?' थरथरत्या अक्षरात. क्षमा त्यांनी मागायची! मी ती ओळ वाचली आणि भाजीची सुरी ठेवून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

"तुम्ही बोलत का नाही मालकाशी?" मी वन्संना विचारलं.

"काय बोलू? मला तरी कुठे माहीत आहे का निघतोय ते? असेल घासत कोणी जोरात." पण त्यांचा चेहरा काही वेगळं सांगत होता.

मग आले घड्याळवाले काका.

रोगी कधी लॅबमध्ये येत नाहीत. लॅब म्हणजे दोन मजले चढून मागच्या अंगाला, प्लास्टरचा वास, मोटारींचा आवाज. हे काका आले, तोंडावर रुमाल धरून. दात नसलेला चेहरा त्यांना लोकांना दाखवायचा नव्हता. कवळी त्यांनी घड्याळाच्या डबीत कापसावर ठेवली होती. वन्संना ते दोन चौक पलीकडच्या दुकानामुळे माहीत होते. लोकांची घड्याळं उघडून आत केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ करण्यात उभा जन्म गेलेला माणूस. पुढचं वन्संनी सांगितलं तसं लिहिते.

काकांनी चिठ्ठी मालकाच्या टेबलावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने पण सावकाश, शब्द न् शब्द लावत विचारलं, "हे माझ्यासाठी आहे का?"

"सगळ्यांसाठीच आहे, काका. जोरात घासू नका, एवढंच."

"मी? मी जोरात घासतो?"

"होतं असं."

"तुमच्या वडलांचं घड्याळ तीनदा उघडलं मी. त्याच्या आतल्या चाकाला श्वास लागला तरी ते हलतं. आणि मी कवळी जोरात घासतो."

एवढं ऐकून तरी थांबायचं ना! पण धाकटा मालक हसून, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, वय झालं की हाताचा अंदाज जातो. आपल्याला कळत नाही, पण जातो."

वन्सं म्हणाल्या, "अगं, काकांनी काय करावं? आपल्या हाताकडे बघितलं त्यांनी. पालथा केला, उताणा केला, कवळी टेबलावर तशीच ठेवली आणि गेले."

पुढच्या आठवड्यात वन्सं आपलं घड्याळ आणायला त्यांच्या दुकानी गेल्या. मी बरोबर होते. ते घड्याळ थोरल्या मालकांनी लॅबमध्ये पंचवीस वर्षं झाल्यावर दिलेलं, अंगठ्याच्या नखाएवढं, आणि महिनाभर दुरुस्तीला पडून होतं. काकांनी ड्रॉवर उघडला, कागदाची पुडी काढली आणि तशीच पुढे केली. उघडलेलीसुद्धा नव्हती.

"दुसरीकडे दाखवा," रुमालाआडून ते म्हणाले. "बायकांची लहान घड्याळं मी आता घेत नाही. हात जातोय म्हणे माझा."

"कोण म्हणतं?"

"तुमचे मालक म्हणाले. खरं असेल. आपल्याला कळत नाही ना." बाकावर पाच-सहा पुड्या एका बाजूला लावून ठेवलेल्या होत्या. सगळ्या परत करायच्या. भिंग खुंटीला टांगलेलं.

बाहेर आल्यावर वन्सं रस्त्याच्या मधोमध थांबल्या. सायकलवाल्याने घंटी वाजवली तरी हलेनात. "एका वाक्याने," त्या म्हणाल्या. "एका वाक्याने त्या पोराने त्यांचा हात तोडला."

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वन्संनी पाटी मांडली. सकाळी लॅबमध्ये जाऊन त्यांनी चार पट्ट्या करून आणल्या होत्या. करंगळीएवढ्या, गुलाबी ॲक्रिलिकच्या, कवळीसारख्याच शिजवलेल्या आणि लेप लावून उजेड दिलेल्या. मेणाने त्या लाकडी पाटीवर चिकटवल्या. हलक्या हाताने घासूनही लेप निघतो का, ते बघायचं होतं. एक मऊ ब्रश, नेहमीचीच पेस्ट. मोठा प्रश्न हा की हलका हात म्हणजे किती हलका? मी माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, पाटी त्यावर ठेवली, आणि ठरवलं की ब्रश टेकल्यावर काटा दोनशे ग्रॅमच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, लॅबमध्ये एवढी यंत्रं आहेत, हे नाही कोणाला सुचलं."

"तुमच्या लॅबमध्ये कोणी पीठ मोजत नाही ना."

शंभर वेळा ब्रश फिरला की एका वाटीतलं एक बटण दुसऱ्या वाटीत टाकायचं. त्यांनी हिशोब केला. सकाळ-संध्याकाळ, एका जागी वीस वेळा, चार महिने. पाच हजारांच्या आत. म्हणजे अठ्ठेचाळीस बटणं. माझा नवरा पाणी प्यायला आला, दाराशी उभा राहून बघत म्हणाला, "दात नसलेल्या पट्टीची एवढी सेवा! मला कोणी चहा विचारला नाही अजून."

"तुला दात आहेत. स्वतः करून घे."

पहिली पट्टी. अकराव्या बटणाला कडेला पांढरी रेघ दिसली. सोळाव्याला पापुद्रा उचलला. दुसरी पट्टीही तशीच. तिसरी जराशी जास्त टिकली इतकंच. काटा एकदाही दोनशेच्या पुढे गेला नव्हता. वन्संचे डोळे चमकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"बघ! हलक्या हातानेही निघतोय. काकांचा काही दोष नाही. लेपच कुचकामी. उद्या ही पाटी त्याच्या टेबलावर आपटते."

त्या आवराआवर करायला उठल्या. चौथी पट्टी पाटीवर होतीच, म्हणून मी उगाच ब्रश घेऊन बसले. वन्संचा हात दुखत होता, माझा नव्हता. बारा बटणं झाली, वीस झाली. काही नाही. तीस. घरातला जुना मोजा फिरवला, धागा अडकला नाही. अठ्ठेचाळीस झाली तरी पट्टी तशीच. कडेला जराशी निस्तेज झाली होती, निरखून बघितल्यावर बारीक रेघा दिसत होत्या, पण लेप जागचा हलला नव्हता.

"वन्सं, ही निघत नाहीये."

"निघेल. घास."

"झाले की पाच हजार. ही वेगळी केली होती का?"

त्या टेबलाशी आल्या. पट्टी उजेडात तिरकी धरली. "नाही. फक्त हिच्यावर वडी फिरवायची राहिली. वडी संपत आली होती, म्हटलं तिन्हीवर पुरे."

मी ब्रश धुवायला उठले. मग ताटं घ्यायला फडताळ उघडलं आणि तेलाची बरणी समोर आली. त्या बरणीवर मी कितीदा चिठ्ठी चिकटवली असेल. कोरड्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं टिकतात. बरणीवरची आठवड्यात सुटते, आणि तीही कडेपासूनच. मी विचारलं, "वन्सं, त्या वडीत काय असतं हो?"

त्यांनी पर्स उघडली. तुकडा होता, त्यांच्याकडे नेहमीच असतो. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तो घासला. कागदावर तेलकट, आरपार दिसणारा डाग पडला. भज्यांखालच्या कागदावर पडतो तसा.

वन्संनी त्या डागावरून अंगठा फिरवला. मग हळूच विचारलं, स्वतःलाच, "लेप सुरू झाल्यावर लगेच मी तापाने पडले होते तो आठवडा. तेव्हाच्या कवळ्या मालकानेच प्युमिसवरून सरळ लेप लावून दिल्या होत्या. सात-आठ तरी असतील. त्यातली एक तरी परत आली का?" आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "एकही नाही."

एकतीस वर्षांत जी गोष्ट करायची त्यांना सवय होती, जी न करणं त्यांना पाप वाटत होतं, तीच. वडीची चरबी धुऊन निघत नाही. लेपाला धरायला जागाच नव्हती. त्यांनी प्रत्येक कवळी जीव लावून चकचकीत केली होती आणि म्हणूनच एकेक सोलत होती.

नवऱ्याला सगळं कळलं तेव्हा तो गंभीर झाला. "ताई, एक सांगू? पहिल्या तीन पट्ट्यांचीच पाटी ने. लेप कुचकामी एवढंच सिद्ध कर. काका सुटले, सगळे सुटले. तुझं नाव कशाला मध्ये?"

वन्सं पट्ट्या पुसत होत्या. "आणि चौथी कुठे ठेवू?"

"टाकून दे."

"काका विचारतील तेव्हा कुठे बघू?" एवढं म्हणून त्यांनी चारही पट्ट्या रुमालात बांधल्या.

सोमवारी मी बरोबर गेले. त्यांनीच बोलावलं. "मला राग आला की शब्द अडतात. तू नुसती उभी राहा."

धाकट्या मालकाची काचेची खोली आहे. वन्संनी चारही पट्ट्या मांडल्या, वजनकाट्याचं सांगितलं, बटणांचं सांगितलं, आणि मग सरळ सांगितलं, "चूक माझी आहे. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी मी वडी लावत होते. त्यामुळे निघतोय लेप. लोकांनी काही केलेलं नाही."

मालक आधी गोंधळला. मग त्याला सुटल्यासारखं झालं, ते मी बघितलं. तो खुर्चीत मागे टेकला. "म्हणजे ताई, तुमचीच चूक. मी तर पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, गरज नाही म्हणून."

"गरज नाही म्हणालात. लावली तर काय होईल ते नाही सांगितलंत. मला वाटलं वेळ वाचवताय."

"अहो, कंपनीने पुस्तिका दिलीये की. सगळं असतं त्यात."

"दाखवा."

त्याने खण उघडला. पुस्तिका होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बंद. एवढे महिने ती पिशवी कोणी फाडली नव्हती. वन्संनी ती दाताने फाडली. माझ्यासमोर फाडली, मी खोटं कशाला सांगू. तिसऱ्याच पानावर चित्र होतं. कापडाचं चाक, त्याला टेकवलेली पॉलिशची वडी, आणि दोन्हींवर मोठी लाल फुली. वाचायलासुद्धा लागत नव्हतं.

आणि तिथे वन्संचे अडलेले शब्द सुटले. एरवी त्या त्याला 'मालक' आणि 'तुम्ही' म्हणतात. त्या दिवशी त्यांना तो दप्तर घेऊन लॅबमध्ये वडलांची वाट बघत बसणारा पोरगाच दिसत असणार.

"अरे, मला चूक कळली, काल. आज सकाळी मी इथे उभी आहे. तुला तर काहीच कळलं नव्हतं. पिशवीसुद्धा फाडली नव्हतीस. आणि तू तेवीस जणांना छापून पाठवलंस की तुम्हाला घासता येत नाही! एका आजीने क्षमा मागितली तुझी. त्या माणसाने दुकानातली घड्याळं परत करायला काढलीत, त्याला वाटतंय त्याचा हात गेला. कोणी सांगितलं? तू! कशावरून? काही नाही, तोंडाला आलं म्हणून!"

बाहेरच्या मोटारी एकेक करून बंद होत गेल्या. सगळे ऐकत होते. मालक लाल झाला. "ताई, हळू. मी चिठ्ठी बदलतो. 'तांत्रिक कारणामुळे' असं टाकू. मग झालं?"

"तांत्रिक म्हणजे कोण?"

"म्हणजे... असं लिहितात."

"असं लिहितात तेव्हा कोणाचीच चूक नसते. मग ज्याला आधी चूक चिकटवली, त्याच्याकडेच ती राहते." त्यांनी टेबलावरून पेन उचललं. "हाताने लिहिते मी. 'तुम्ही कवळी नीटच घासत होता. चूक आमच्या हातून झाली.' खाली माझं नाव. आणि लेप काढून, नीट करून प्रत्येक कवळी माझ्या हाताने परत जाईल. नको असेल तर सांग, मी आत्ता घरी जाते."

त्याने चौथी पट्टी उचलली आणि परत ठेवली. तेवीस कवळ्यांवरचा लेप टाळूचं माप न बिघडवता खरवडून काढणं त्या लॅबमध्ये दुसऱ्या कोणाला जमणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. "लिहा," तो म्हणाला. मग जरा थांबून, पुस्तिका चाळत, "खाली माझंही नाव टाका." एवढं मात्र मी त्याच्या खात्यावर मांडते. उशिरा का होईना, म्हणाला.

पहिली कवळी घड्याळवाल्या काकांचीच झाली. तीन दिवसांनी आम्ही दोघी दुकानात गेलो. काकांनी पाठ फिरवून कवळी बसवली. गाल जरा हलले, जीभ सगळीकडे फिरून आली असावी. मग ते वळले आणि रुमाल खिशात ठेवला. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. आणि केलंही मीच. तुमचा हात कुठे गेला नाही काका. माझा गेला होता." वन्संनी चारही पट्ट्या काउंटरवर ठेवल्या आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. बटणं, काटा, वडी, लाल फुली. कुठे मऊ केलं नाही, कुठे गाळलं नाही.

काकांनी खुंटीवरचं भिंग काढलं, रुमालाने पुसलं, डोळ्याला लावलं आणि पट्ट्या एकेक करून बघायला लागले. आम्ही उभ्या. भिंतीवरची घड्याळं आपापली वेळ सांगत होती, दोन सारखी नव्हती. चौथ्या पट्टीवर ते थांबले. तिरकी धरली, सरळ धरली.

"पहिल्या तिन्ही एका हाताने घासल्यात. रेघा सरळ आहेत. ही चौथी कोणी घासली?"

"हिने," वन्सं माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या.

"हात जड आहे," काका म्हणाले. "आणि शेवटी शेवटी कंटाळलेला. रेघा डावीकडे घसरल्यात बघा."

घ्या! दोनशे ग्रॅमचा काटा, अठ्ठेचाळीस बटणं, सगळं पाण्यात. वन्सं इतक्या हसल्या की त्यांना काउंटर धरावा लागला. काका हसले नाहीत. भिंग तसंच डोळ्याला, त्यांनी डाव्या हाताची बोटं पुढे करून हलवली, द्या म्हणून. वन्संना कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी पर्समधून ती पुडी काढली, थोरल्या मालकांनी दिलेलं घड्याळ असलेली.

काकांनी पातळ पातं मागच्या झाकणाच्या फटीत घातलं आणि पहिल्याच खेपेला झाकण उघडलं.